मुकादमाचं खाणं

दादाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो दुकानात एका गिऱ्हाइकाची किल्ली घासत होता. किल्ली अर्धीच राहिली. जीव वाचला, उजवा हातही पंधरा दिवसांत थोडाथोडा हलायला लागला, पण बोलणं मात्र वाट चुकलं ते चुकलंच. पाणी हवं असलं की तो "छत्री" म्हणायचा, आणि कुणी खरंच छत्री आणून दिली की कपाळावर हात मारून घ्यायचा.

त्याला बायको नाही, मूल नाही. होती एक धाकटी बहीण. चार गल्ल्या पलीकडे राहत्या घरातच तिचं कपडे अल्टर करून देण्याचं दुकान होतं, आणि सगळे तिला शिलाईताई म्हणत. आणि होतं एक कासव, एकवीस वर्षांचं, उपड्या कुंडीएवढं. स्वतः काडीचं काम करत नाही, पण दिवसभर दुसऱ्यांच्या पायांत फिरून देखरेख करतं, म्हणून दादानं त्याचं नाव ठेवलं होतं मुकादम.

ताईनं मुकादमाला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून आणलं आणि शिलाई मशीनखाली ठेवलं. मग तिच्या लक्षात आलं, की हा खातो काय हे आपल्याला ठाऊकच नाही. इतकी वर्षं भावाकडे जाणं-येणं होतं, पण पाहुण्यानं आपल्या पुढ्यातल्या चहाकडे बघावं, कासवाच्या ताटात कोण डोकावतं?

भाजीवाली म्हणाली, "काकडी द्या, थंड असते." वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "दूध-पाव. अंगाला लागेल." पाळीव प्राण्यांच्या दुकानदारानं माशांच्या खाण्याच्या गोळ्यांचा डबा हातात ठेवला आणि वर म्हणाला, "पाण्यातलाच ना तो?" ताईनं सगळं करून पाहिलं. मुकादमानं काकडी चिवडली, पावाकडे पाठ केली, गोळ्यांवरून चालत गेला. शेवटी तिनं स्वतःचं केळं त्याच्यापुढे धरलं, तर त्यानं मान लांब करून असा लचका तोडला की ताई मागे सरकली.

"अस्सं! साहेबांना गोड हवंय होय!"

चार दिवस केळी झाली. पाचव्या दिवशी मुकादमाचं पोट बिघडलं आणि एका नवऱ्या मुलाचा अल्टर करायला आलेला कोट धुवायला टाकावा लागला. ताई कावली. शेवटी ज्याचं कासव त्यालाच विचारू, म्हणून ती दवाखान्यात गेली.

"दादा, मुकादम काय खातो रे?"

दादाचा चेहरा उजळला. प्रश्न त्याला नीट समजला होता, एवढं दिसत होतं. त्यानं श्वास घेतला, ओठ जुळवले आणि ठासून म्हणाला, "गुरुवार."

"गुरुवारी काय?"

"गुरुवार, गुरुवार." डाव्या हातानं त्यानं हवेतच काहीतरी खुडल्यासारखं केलं. "रस्ता. गुरुवार... रस्ता." मग ताईच्या चेहऱ्याकडे बघून तो भिंतीकडे वळला.

ताई घरी आली ती डोक्यात भुंगा घेऊन. रस्ता म्हणजे काय, काही कळेना. पण गुरुवार तर सरळ होता. मोठी माणसं उपास करतात, कासवही आठवडाभर करत असेल आणि गुरुवारीच जेवत असेल. शिवाय ही जनावरं महिना-महिना उपाशी राहतात असं मास्तरही म्हणाले होते. दिवस शनिवारचा. तिनं मुकादमापुढे नुसती पाण्याची बशी ठेवली आणि गुरुवारची वाट बघत बसली.

गुरुवारी सकाळी तिनं ताट मांडलं. पालक, काकडी, गाजर, वर केळ्याच्या दोन चकत्या. मुकादमानं डोकंही बाहेर काढलं नाही. तिनं मशीनचा दिवा जवळ नेला. त्याचे डोळे सुजून मिटले होते. कापड मापायच्या टेपनं तिनं उगाचच त्याची पाठ मापली. किती असायला हवी हे माहीत नसताना माप घेऊन काय करायचं, हेही तिला कळलं नाही. तिचं तिलाच रडू आलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मुकादमाला हातात घेतलं, बोटानं कवच दाबून पाहिलं, आणि मग ताईला विचारलं, "शेवटचं पोटभर कधी खाल्लंय?"

ताईनं सगळं सांगितलं. गुरुवारचंही. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"हा जमिनीवरचा आहे. याला गवत आणि पाला लागतो, तोही रोज आणि वेगवेगळा. हरळी, पाथरी, तुतीचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं. काकडी म्हणजे नुसतं पाणी. पालक कधीतरी. केळं, दूध, पाव साफ बंद. आणि ऊन हवं. उन्हाशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. ही कॅल्शियमची पूड दिवसाआड चिमूटभर पाल्यावर टाका. रोज कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीखालीच राहू द्या."

"मला वाटलं, भाऊ म्हणाला म्हणून..."

"भाऊ बरोबरच सांगत असतील हो. शब्द चुकत असतील."

हरळी ठीक, पण ही पाथरी असते कशी? ताईला उभ्या जन्मात कापडावर छापलेल्या पानांपलीकडे पानं ठाऊक नव्हती. ती दादाच्या बंद दुकानापाशी आली, तेव्हा शेजारचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवत बसला होता.

"पाला होय? दादा रोज सकाळी पिशवी घेऊन जायचे की! मागच्या बंद कारखान्याच्या भिंतीकडेनं, पार वळणापर्यंत. मी म्हणायचो, दादा, रस्ता साफ करायचं कंत्राट घेतलंत काय?"

ताई त्याच्या स्टुलावर बसली. रस्ता. दादा हाच सांगत होता. गुरुवारचं काय, ते पंक्चरवाल्यालाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिलाईताई कारखान्याच्या भिंतीकडेनं वाकून चालू लागली. प्रत्येक पानाचा एकेक नमुना ती टाचणीनं कागदाला टोचायची आणि डॉक्टरीणबाईंना दाखवून यायची. कोमट पाण्याच्या आठव्या दिवशी मुकादमानं एक डोळा उघडला. अकराव्या दिवशी पाथरीचं पान धरलं, आणि चावण्याचा तो बारीक कर्र आवाज ऐकून ताईनं मशीनचं पायडल थांबवलं.

महिन्याभरानं दादा तिच्याच घरी राहायला आला. त्याची खुर्ची तिनं उन्हात, मुकादमाजवळ मांडली. पाल्याची पिशवी उलटी केली तसा दादा पुढे वाकला, डाव्या हातानं ढीग चाचपला आणि त्यातून गोल पानाची एक डहाळी उचलून लांब फेकली.

"का रे? विषारी आहे?"

"मामा," दादा ठामपणे म्हणाला.

ताईनं ती डहाळी डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली. "यानं काही होत नाही. बिनधास्त द्या."

ताई दारातच घोटाळली. शिकलेली बाई एक सांगत होती, आणि एकवीस वर्षं कासव पाळलेला माणूस दुसरंच सांगत होता. की तिसरंच काही सांगत होता? वाटेत तिनं तीनदा विचार बदलला. घरी येऊन ती पाला निवडायला बसली. गोल पान हाती आलं की क्षणभर थांबायची, दादाकडे बघायची, आणि बाजूला ठेवायची.