रिकाम्या महिन्यांची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे, आणि मी कामावर असले की माझ्या घरच्यांना घास गोड लागत नाही. माझ्यावर निळ्या अक्षरांत 'घर भाड्याने देणे आहे' असे लिहिले आहे. मला बाहेर टांगले की घरचे कष्टी, आणि कपाटामागे ढकलले की खूश. असा माझा उफराटा जन्म!

माझा जन्म मोडक्या कपाटाच्या फळीतून झाला. मला घडवणारे काका दुकानांच्या पाट्या रंगवत. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली मावशी म्हणे. ती कपडे शिवायची. शिवून शिवून तिचे डोळे अधू होऊ लागले, सुईत दोरा ओवायला काकांची मदत लागे. डोळे पुरते थकतील तेव्हाही घरात चार पैसे येत राहावेत, म्हणून तिने आपली सगळी शिल्लक घातली, उरलेल्या रकमेचे बँकेतून कर्ज काढले आणि समोरच्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. भाड्यातून कर्जाचा हप्ता जायचा. कर्जाला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात, पण त्याशिवाय मावशीला त्या फ्लॅटची चौकटसुद्धा घेता आली नसती, हे मी मान्य करते.

भाडेकरू गेला की मला फ्लॅटच्या खिडकीला टांगत. उन्हाने माझी अक्षरे फिकटली. एका कावळ्याने तर मला आपली हक्काची बैठकच करून टाकले. रिकामा महिना सरला की काका माझ्या पाठीवर, हाताशी असेल त्या रंगाची एक रेघ ओढत. मावशीला वाटे, ते ब्रश पुसताहेत.

सहा वर्षांनी एक दलाल घरी आला. मोठा गोडबोल्या. म्हणाला, "मावशी, एका फ्लॅटवर किती दिवस बसणार? राहतं घर तारण ठेवा, एकदम आणखी दोन फ्लॅट होतील. हप्ते भाडेकरू भरतील, तुम्ही फक्त सही करायची."

मावशीने चष्मा पुसून कागद पुढे ओढले. कपाटामागून मी सारे ऐकत होते. तेवढ्यात काका उठले, त्यांनी मला बाहेर काढले, धूळ झटकली आणि तिच्यासमोर पालथी ठेवली.

"रेघा मोज," ते म्हणाले.

"या कसल्या हो?"

"फ्लॅट रिकामा राहिला त्या महिन्यांच्या."

तिने बोट फिरवत मोजल्या. पंधरा भरल्या. "एकेक करून आले, मोजलेच नव्हते. मला वाटलं, सात-आठ असतील."

"त्या महिन्यांचे हप्ते कुणी भरले?"

"मीच. गणवेश शिवून."

"आता तीन फ्लॅटच्या रेघा तुझ्या डोळ्यांना झेपतील का? नाही झेपल्या तर हे घर जाईल. मग आपण दोघांनी कुठं जायचं, सांग."

मावशीने रेघांवरून पुन्हा एकदा बोट फिरवले. तिला ते लागले होते. शेवटी तिने कागद दलालाकडे सरकवले. "आधी पंधरा हप्त्यांचे पैसे बाजूला टाकते. मग एकच फ्लॅट बघू, आणि त्याचं कर्ज त्याच्याच तारणावर. या घराला हात लावायचा नाही."

"तोवर भाव वाढतील," दलाल म्हणाला.

"वाढू देत."

भाव खरेच वाढले. तीन वर्षांनी तिला मिळाला तो फ्लॅट लहान आणि लांबचा. त्यावरून ती काकांना अजून टोमणे मारते, आणि ते बिचारे हसून ऐकून घेतात.

मग यंदा जवळचा कारखाना दुसरीकडे गेला; दोन्हीकडचे भाडेकरू तिथलेच कामगार, त्यामुळे दोन्ही फ्लॅट एकदम रिकामे झाले. काकांनी माझ्यासाठी एक धाकटी बहीण रंगवली, ती लांबच्या फ्लॅटवर गेली. आम्हाला टांगून सात महिने झाले. परवा फ्लॅटच्या खिडकीत माझी अक्षरे पुन्हा गिरवताना काकांनी भीत भीत मावशीला विचारले, "आज हप्त्याची तारीख ना गं?"

"बाजूला टाकलेल्या पैशांतून दोन्ही हप्ते सकाळीच गेले," मावशी म्हणाली, आणि घरी जाऊन शिवणयंत्रावर झाकण घालून आडवी झाली.

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही कर्ज काढून घरे घ्याल. जरूर घ्या. फक्त सही करण्याआधी रिकाम्या महिन्यांची सोय करा, आणि ज्या छपराखाली आपली माणसे झोपतात ते पणाला लावू नका. माझी काळजी करू नका, मी ऊन खात लटकते आहे. समोर मावशीच्या घराची खिडकी दिसते. दुपारभर ती तिथे झोपलेली असते, आणि थकल्या हप्त्यासाठी तिचे दार वाजवायला बँकेचे कुणी येत नाही.