दर्भाचा कावळा

फ्लोरिंदानं भावाचा शर्ट काँक्रीटवर पसरला, दोन्ही बाह्या हातानं सरळ केल्या आणि पिशवीतून बाटली काढली. गोदीच्या काठावर उभा असलेला सुरक्षा सुपरवायझर लगेच पुढे सरसावला.

"आंटी, लिक्विड कॅनॉट, लाह. हॉट वर्क एरिया."

"नुसतं पाणी आहे," दमयंती त्याला इंग्रजीत म्हणाली. खरं तर बाटलीत मेस्कल, फ्लोरिंदाच्या गावाकडची दारू, हवी होती, पण वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तिथं दारू कोण शिंपडू देणार? फ्लोरिंदानं आणलेली औषधी पाल्याची जुडी विमानतळावरच काढून घेतली होती. मग दमयंतीनं आपल्या घराजवळच्या, बुकित बातोकच्या बाजारातून तुळशीसारखा दिसणारा पाला आणला. फ्लोरिंदा कशालाच नाही म्हणाली नव्हती. हेल्मेट डोक्यावर घट्ट बसत नव्हतं, त्याचा पट्टा दमयंतीनं तिच्या हनुवटीखाली ओढून दिला होता, तेव्हाही ती लहान मुलासारखी मान वर करून उभी राहिली.

सुपरवायझरनं घड्याळ दाखवलं आणि तो पाठ फिरवून उभा राहिला. तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

"इथंच ना?" फ्लोरिंदानं स्पॅनिशमध्ये विचारलं.

"इथंच," दमयंती म्हणाली.

तिचा भाऊ सेवेरो इथं मेला नव्हता. तो मेला या यार्डात दुरुस्तीला आलेल्या त्याच्या जहाजाच्या पोटात, गंजलेल्या टाकीत शिडीवरून पडून. कंपनीच्या पत्रात 'यार्डमध्ये काम करताना पडून' एवढंच लिहिलं होतं. शव लगेच गावी गेलं. मेक्सिकोतल्या वाहाकाच्या डोंगरात दरड कोसळून रस्ता बंद होता. झापोटेक लोकांचं गाव ते, सगळ्या गावानं मिळून वाट मोकळी केली आणि पेटी खांद्यावरून वर नेली. पण नुसतं शरीर पुरून तिथं भागत नाही. माणूस आपल्या घरापासून लांब, धक्क्यानं गेला तर त्याचा जीव पडल्या जागीच उभा राहतो. घरच्यानं तिथं जाऊन जमिनीवर पाला आपटायचा, त्याला घरातल्या नावानं हाक मारायची आणि शर्टात घेऊन परत यायचं. वाटेत प्रत्येक वळण त्याला सांगायचं, नाहीतर तो चुकतो. आणला नाही तर नोव्हेंबरात सगळ्यांचे मेलेले जेवायला येतात तेव्हा त्या घराचं ताट तसंच राहतं. आईनं अन्न सोडलं, म्हणून गावानं सभा घेऊन बहिणीला पाठवलं होतं. वर्षभर गावाची बिनपगारी चाकरी करण्याची पाळी या खेपेला सेवेरोवर आली होती. त्या चाकरीची काठी अजून त्याच्या नावानं पंचायतीच्या भिंतीला टेकून होती, आणि त्याला आणल्याशिवाय तिला कुणी हात लावणार नव्हतं.

हे सगळं दमयंतीला महिनाभर फोनवर ऐकून ठाऊक होतं. हार्बरफ्रंटच्या शिपिंग ऑफिसात खलाशांचं बरंवाईट बघायचं काम तिचं, आणि पुण्यात हौसेनं शिकलेली स्पॅनिश अशी कामी येत होती. जहाज महिनाअखेरीपर्यंत यार्डात राहणार होतं. फ्लोरिंदाला त्या टाकीच्या तोंडाशी नेण्याची परवानगीही मिळाली होती; टाकीचं तिला समोरासमोरच सांगायचं असं दमयंतीनं ठरवलं होतं. आणि फ्लोरिंदाचं विमान उतरलं त्या सकाळी ऑफिसातल्या साहेबानं, निशिकांतनं, दमयंतीला केबिनमध्ये बोलावलं.

"जहाज गेलं गं. मालकानं दुरुस्तीचा नाद सोडला, भंगारात विकलं. अलंगला निघालंय, तिथं कापून तुकडे करतील."

"अहो सर, ती बाई अर्धी पृथ्वी ओलांडून आलीय!"

"म्हणूनच सांगतोय. गेट-पास आहे ना? गोदीच्या कडेला ने, इथं पडला म्हण. तिला काय कळणार? समाधान होईल बिचारीचं. खरं सांगून काय मिळवणार तू?"

दमयंती चिडली, पण अर्ध्या वाटेवरच तिचा राग विझला. तिला वडिलांचा दहावा आठवला. वाईच्या घाटावर पिंड मांडून सगळे तासभर उन्हात उभे होते आणि कावळा काही शिवत नव्हता. काकांनी हात जोडून धाकटीच्या लग्नाचं वचन दिलं, आईनं काय काय कबूल केलं, तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन माणसं पोटभर जेवली. वडील कुठं अडकून राहिले असं त्यानंतर कुणाच्या मनातही आलं नाही. मग गोदी का नाही चालणार? पाला बदलला, दारूचं पाणी झालं, तशी जागाही एक.

फ्लोरिंदा गुडघ्यांवर बसली. तिनं पाणी शिंपडलं, पाला जमिनीवर आपटला आणि हाक मारली. स्पॅनिशमध्ये नाही, स्वतःच्या भाषेत. जेवायला बोलवावं तशी साधी हाक होती ती. मागं कुठंतरी लोखंड घासण्याचा आवाज चालू होता. तिनं पुन्हा हाक मारली आणि कान देऊन बसून राहिली.

मग फ्लोरिंदानं शर्टाची घडी करून तो छातीशी धरला आणि उठली. गेटपर्यंत, टॅक्सीत, एक्सप्रेसवेवर, प्रत्येक वळणाला ती खाली मान घालून काहीतरी पुटपुटत होती. आता उजवीकडे. आता पूल. टॅक्सीवाल्यानं आरशातून एकदा पाहिलं आणि रेडिओ बारीक केला. दमयंतीला हुंदका आला, पण तो सुटकेचा होता. झालं, जमलं, असं ती मनाशी म्हणत राहिली. रात्री बुकित बातोकच्या आपल्या घरी तिनं वरणभात केला, फ्लोरिंदानं तो सगळा संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या चांगी विमानतळाकडे निघाल्या. टॅक्सी बुकित बातोकच्या वळणावरून मोठ्या रस्त्याला लागली तरी फ्लोरिंदा गप्प होती. पुढचं वळण आलं, ती बाहेरची झाडं बघत होती. शर्ट पिशवीत होता, पिशवी पायांशी.

विमानतळावर सामान दिल्यावर त्या एका बाकावर बसल्या. दमयंतीला राहवेना.

"आज वाट सांगितली नाहीत तुम्ही?"

"कुणाला सांगू, बाई?"

दमयंतीची नजर पायांशी ठेवलेल्या पिशवीकडे गेली.

"रात्रभर उशाशी घेतला होता," फ्लोरिंदा म्हणाली. "रिकामा आहे. हाक मारली तेव्हाच कळलं होतं, पण वाटलं, लाजत असेल, येईल मागून. तो लहानपणीही असाच मागं राहायचा." तिनं दमयंतीकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "तो तिथं पडला नाही ना?"

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. पण तो गोटा या बाईच्या कपाळी बसला होता, आणि दमयंतीला ते सहन होईना. तिनं सांगितलं. टाकी, शिडी, जहाज निघून गेल्याचं, सगळं. अलंगचं तेवढं तिच्या जिभेवर येऊन थांबलं.

"मला वाटलं, पाला चालला, पाणी चाललं, तर..." ती रडायला लागली. "आमच्यात चालतं. कावळा आला नाही तर आम्ही गवताचा करतो."

फ्लोरिंदानं ते नीट ऐकून घेतलं. तिनं कावळ्याविषयी विचारलंही, आणि दमयंतीनं नाक पुसत पुसत समजावलं. त्यावर तिनं मान हलवली. हसली नाही.

"पाला आपला असतो," ती म्हणाली. "पाणी आपलं. आपण काय आणावं ते आपल्यावर. जागा मात्र त्याची असते. तो तिथून हलूच शकत नाही, म्हणून तर आपण जातो."

लाऊडस्पीकरवर कुठल्याशा विमानाची घोषणा झाली. ती संपल्यावर दमयंतीनं विचारलं,

"आईला काय सांगाल?"

"आला म्हणून सांगेन. शर्ट पुरू. काठी दुसऱ्याला देतील. गावाचं काम अडायला नको." तिनं पिशवी जवळ ओढली. "नोव्हेंबरात आई ताट वाढेल आणि सकाळी विचारेल, चव गेली का गं त्याची? त्यांनी खाल्लं की जेवणाची चव जाते आमच्याकडे. मी म्हणेन, गेली."

दमयंतीनं तिचा हात धरला. तो खरखरीत होता, मका सोलणाऱ्या बाईचा. एवढ्या मोठ्या विमानतळावर तो हात कुठं ठेवावा हे जणू कुणालाच कळत नव्हतं.

मग फ्लोरिंदा एकदम तिच्याकडे वळून बसली.

"पण जहाज परत येतं ना? सेवेरो सांगायचा, जहाजं फिरून फिरून त्याच बंदरात येतात."

दमयंतीला निशिकांतचं वाक्य आठवलं. आत्ता जहाज बंगालच्या उपसागरात असेल. भरतीला ते वाळूवर चढवतील, मग गॅसकटर घेऊन माणसं चढतील आणि ती टाकी, ती शिडी, सगळं पत्र्यापत्र्यानं सुटं होऊन भट्टीत जाईल. आता तरी खरं बोल, असं तिनं स्वतःला बजावलं. समोरची बाई श्वास धरून बसली होती.

"येतं," ती म्हणाली.

"मग तुम्ही जा. तुम्हाला सोडतील आत. घरचं माणूस लागतं, पण मी तुम्हाला घरचं केलं तर चालेल. मी बहीण आहे, तो हक्क मला आहे." तिच्या बोलण्याला आता घाई आली होती. "घरात आम्ही त्याला वेरू म्हणायचो. शेवट ओढायचा, वरून खाली, डोंगरावरून हाक मारतात तसा. म्हणा."

दमयंती म्हणाली.

"असं नाही. तुम्ही त्याला रागावताय. पुन्हा."

आसपासची माणसं बघायला लागली. एक पोरगी ट्रॉलीवर बसून टक लावून ऐकत होती. दमयंती पुन्हा म्हणाली, पुन्हा चुकली, आणि फ्लोरिंदा न कंटाळता तिच्याकडून म्हणवून घेत राहिली. शेवटी तिनं डोळे मिटून ऐकलं आणि मान डोलावली.

"असंच. याला तो उठेल." तिचा चेहरा आल्यापासून पहिल्यांदा सैल झाला. "माझ्याकडे पाठवायची घाई करू नका. तुमच्या घरी राहू द्या त्याला. खिडकीशी. मी येईन कधीतरी."

"हो," दमयंती म्हणाली.

फ्लोरिंदानं उठून तिच्या कपाळाला हात लावला, पिशवी उचलली आणि ती हलक्या पावलांनी आत गेली. मागं वळून पाहिलं नाही तिनं. दमयंती काचेशी उभी राहिली. ते नाव आता तिला नीट म्हणता येत होतं.