गुनवोरमावशींची रविवारची शिकवणी

फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीच्या, काठच्या त्या गावात ज्याला म्हणून गाडी चालवता येत होती, त्याला बहुधा ओडवारनेच शिकवलेली असायची. अर्धं आयुष्य त्याने शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुका सोसल्या होत्या, आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. मग पन्नासावा वाढदिवस झाला. पाहुणे गेले, आणि बशा पुसता पुसता त्याच्या मनात आलं, बरं, मग आता पुढे काय? तो प्रश्न त्याच्या मानगुटीवर जो बसला, तो उतरेचना.

त्याने रक्त तपासून घेतलं. सगळं उत्तम निघालं, त्याचं त्याला वाईटच वाटलं. महागडी सायकल घेतली. सकाळी बर्फासारख्या पाण्यात डुबक्या मारून पाहिल्या; सर्दी झाली, बाकी काही हाती लागलं नाही.

"दुसरी बाई आवडलीय का तुला?" त्याच्या बायकोने, तूरिडने, एकदा मासे तळता तळता सरळच विचारलं.

"नाही गं."

"मग मोटरसायकल हवीय?"

"तीही नको."

"अरे देवा, मग प्रकरण गंभीर दिसतंय," ती म्हणाली आणि मासा उलटला.

त्याच उन्हाळ्यात गुनवोरमावशी त्याच्याकडे शिकायला आल्या. वय सत्तरीच्या पुढे. नवरा होता तोवर गाडी त्याने चालवली, मावशींनी नकाशा धरला. तो वसंतात गेला, आणि गाडी अंगणात तशीच उभी. मावशींचं एकच मागणं होतं, डोंगरावरच्या छोट्या चर्चला स्वतः गाडी चालवत जायचं. तिथे फक्त उन्हाळ्यात, तेही अधूनमधून, प्रार्थना व्हायची, आणि बस तिकडे जात नव्हती.

गाडी सुरू करण्याआधी मावशी डोळे मिटून पुटपुटायच्या. ओडवारला त्याची चीड यायची.

"मावशी, देवावर भरवसा ठेवा, पण आरशातही बघा."

"दोन्ही करते रे बाबा. तू तर एकही करत नाहीस."

ऑगस्टमधल्या एका रविवारी उन्हाळ्यातली शेवटची प्रार्थना होती. रविवारी ओडवार शिकवत नसे, पण घरी बसून छताकडे बघण्यापेक्षा बरं, म्हणून तो निघाला. अर्ध्या घाटात धुकं उतरलं. गाडीचं नाकसुद्धा दिसेना. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि स्टिअरिंगवर मावशी.

शिकवणीच्या गाडीत ओडवारच्या पायापाशी त्याचा स्वतःचा ब्रेक होता. त्यावर पाय ठेवून तो ताठ बसला होता.

"गाडी ओढल्यासारखी का चाललीय?" मावशींनी विचारलं.

"चढ आहे ना."

"चढ नाही, तुझा पाय आहे. काढ तो."

"मावशी, मला पुढचं काही दिसत नाहीये!"

"मला तरी कुठे दिसतंय? कडेची पांढरी रेघ दिसतेय, तेवढी पुरते. काढ पाय."

त्याने पाय काढला. काढला म्हणजे हवेत धरला, आणि मांडीला गोळा येईपर्यंत तसाच धरून बसला. मावशी गोगलगायीच्या चालीने, पण न अडखळता, रेघेच्या कडेकडेने वर गेल्या. एका वळणावर तर चक्क गुणगुणत होत्या. कुठेतरी मध्येच ओडवारच्या लक्षात आलं की बराच वेळ आपण 'पुढे काय' हा विचारच केलेला नाही. पुढचं वळण, एवढाच विचार चालला होता.

वर पोचले तर लाकडी चर्चमध्ये मोजून पाचसहा डोकी, आणि पाद्रीबाईंचा पत्ता नाही. एम्ब्रिक नावाचे म्हातारे शेतकरी चर्चच्या किल्ल्या सांभाळायचे. ते म्हणाले, "बाईंचा फोन आला होता. धुक्यात खालीच अडकल्यात. कुणीतरी प्रार्थना वाचायला हवी. माझा चष्मा घरी राहिलाय."

"ओडवार वाचेल," मावशींनी परस्पर जाहीर केलं. "पोरांवर ओरडून ओरडून आवाज चांगला खणखणीत झालाय त्याचा."

ओडवार चपापला. "अहो, पण माझा विश्वास नाही. म्हणजे... मला माहीतच नाही, आहे की नाही."

"ते कुणी विचारलंय?" एम्ब्रिक म्हणाले. "वाच. नंतर गरम वाफल आहेत खायला."

मग ओडवारने वाचलं. आधी वाहतुकीचे नियम सांगावेत तसं, कोरडं. मग आजारी माणसांसाठीची ओळ आली, मग गेलेल्यांसाठीची. पहिल्या बाकावर मावशींनी रुमाल काढला. ते पाहून ओडवारला पुढची ओळ वाचवेना. तो थांबला. कुणी खाकरलं नाही, कुणी घाई केली नाही. सगळे जण, जगात दुसरं काही कामच नसल्यासारखे, त्याच्यासाठी थांबले. मग त्याने उरलेलं हळू वाचलं. देव आहे की नाही, याचा त्या खोलीत उलगडा झाला असं नाही. पण त्या थांबण्यात त्याला जे मिळालं, ते त्याला बऱ्याच दिवसांत कुठे मिळालं नव्हतं.

नंतर तपकिरी चीज घातलेल्या वाफलांवर त्याने असा हात मारला की एम्ब्रिकना पीठ पुन्हा कालवावं लागलं.

"मावशी, तुम्ही गाडी सुरू करताना काय मागता हो?" त्याने तोंडात घास असतानाच विचारलं.

"कुणाला धडकू नये, एवढंच. आणि हल्ली, तुझं उतरलेलं तोंड जरा खुलावं."

घरी आल्यावर त्याने तूरिडला सांगितलं, "मी आज चर्चमध्ये प्रार्थना म्हटली."

तूरिडने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग शेजारी बसून म्हणाली, "सांग बघू, पहिल्यापासून." त्याने सांगितलं, आणि वाढदिवसाला बशा पुसता पुसता आपल्याला काय वाटलं होतं, तेही पहिल्यांदाच सांगितलं. "वेड्या, मग हे आधी नाही का सांगायचं?" ती म्हणाली. "मला तर असं दर मंगळवारी वाटतं."

सप्टेंबरात मावशींची परीक्षा झाली. ओडवार बाहेर थंडीत येरझाऱ्या घालत होता. गाडी आली, परीक्षक उतरला, त्याचा चेहरा पांढराफटक.

"नापास," मावशी उतरता उतरता म्हणाल्या.

"का? पुन्हा हळू चालवलीत?"

"छे रे! वेगाची मर्यादा ओलांडली म्हणे. रस्ता मोकळा होता, ऊन पडलं होतं, मला राहवेना."

ओडवार हसायला लागला. हसता हसता गाडीच्या टपावर डोकं टेकलं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना.

"हसतोस काय? पुढची तारीख घे," मावशी म्हणाल्या, आणि पुन्हा स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या.