जव की जांब

इस्तारी ढीवराला जमिनीतलं काही कळत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याला तलावातलं विचारावं. मरळ कुठल्या कोपऱ्यात बसते, शिंगाड्याचा वेल कधी उलटवायचा, पाळीतल्या तुडुमाची, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाची, खुंटी किती उपसली की खालच्या धानाच्या कोणत्या बांधीत किती पाणी उतरतं, हे तो डोळे मिटून सांगायचा. जन्म पाण्यात गेलेला माणूस. पाणी दिलं की पीक येतं, एवढीच त्याची शेती.

अशा माणसाच्या घरात कार्तिकात वाद पेटला तो जव लावावा की जांब, यावर. पुण्या-मुंबईकडे पेरू म्हणतात, तोच आमच्याकडे जांब. वाद घालणारी माणसंही दोनच, सासरा आणि सून. इस्तारीची बायको कुंता केव्हाच गेली. एकुलता एक पोरगा अमर ऊर्जानगरात कंत्राटी कामावर होता, तो दोन वर्षांमागं तापानं फणफणला आणि तिसऱ्या दिवशी संपला. उरली त्याची बायको रंजीता, सव्वीस वर्षांची, आणि तिच्या नावावर झालेली तलावाखालची अर्ध्या एकराची बांधी.

कृषी सहायक प्रणित मोटारसायकलवर आला आणि सपरीत बसून चहा पिता पिता म्हणाला, "योजनेत दोन गोष्टी आल्या हायेत. जवाचं बियाणं घ्या, नाईतर जांबाची तीस कलमं घ्या. दोन्ही भेटत नाईत."

"दोघांत सोपं कोनतं?" इस्तारीनं विचारलं.

"जांबाले नखरे नाईत, इस्तारीभाऊ. मुरमाड चालते, काळी चालते, दोन दिवस पायाशी पानी राह्यलं तरी मरत नाई. पहिली दोन वर्षं बकऱ्यांपासून राखा. तिसऱ्या वर्षी फळ धरा, मंग पंधरा-वीस वर्षं खात राहा. जवाचं उलटं हाये. त्याले थंडी पाह्यजे, ऊन तापायच्या आत घरात आला पाह्यजे. चार महिन्यांत बांधी मोकळी. पानी दोन-तीनदाच, तेबी हलकं. धानावानी भरून ठेवलं का गेलाच समजा. त्याच्या मुळाले हवा लागते."

इस्तारीला जांबच हवा होता आणि त्यानं जांबाचे गुण गायला सुरुवात केली. लेकराचं पोट बिघडलं तर कोवळा पाला, दात ठणकला तर पाला, फांदीचा दांडा कुदळीला, फळं मूल गावच्या बाजारात टोपलीनं. "आन जव? पूजेले मूठभर लागते. बाकी त्याले कोन इचारते?"

"सातूचं पीठ होते," रंजीता चुलीपाशी बसून म्हणाली. "कुटार बैलाले होते. आन तुमाले डॉक्टरनं जवाचं पानी सांगितलं हाये, ते जांबाच्या पाल्याचं नाई होत, मामाजी."

प्रणित हसला. इस्तारीला लघवीची जळजळ होती, हे परक्यासमोर निघालं म्हणून त्यानं जांबाचं बोलणं सोडलं. रंजीता रोज सकाळी जव उकळून ग्लासभर पाणी त्याच्या हातात द्यायची, आणि तो एरंडेल पाजल्यासारखं तोंड करून प्यायचा. शेत तिचं होतं. तिनं जवावर बोट ठेवलं आणि प्रणितनं तसं लिहून घेतलं.

खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती इस्तारीला सलत होती. दिवाळीच्या आधी समाजातले जुने माणूस भैयाजी घरी येऊन गेले होते. सिंदेवाहीकडचा विनोद म्हणून एक राइस मिलवर कामाला होता, त्याची बायको वारली होती, त्यानं रंजीताला पाटासाठी विचारलं होतं. आमच्यात विधवेचा पाट चालतो, त्यात कमीपणा नाही. रंजीतानं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. "पीक निघू द्या, मंग सांगते," एवढंच बोलली. आणि मग तिनं पीक निवडलं ते चार महिन्यांचं.

जांब लावला असता तर तीन वर्षं थांबली असती. झाड लावून कोणी लगेच जात नाही. हे असलं मनात येतं याची त्याला लाज वाटायची. सव्वीस वर्षांची पोर, तिनं म्हाताऱ्याचं पाणी उकळत जन्म काढावा का? पण संध्याकाळी जाळं खांद्यावर घेऊन तो घराकडे वळायचा, आतून भांड्याचा आवाज यायचा, आणि त्याला वाटायचं, हे गेलं तर मी कोणासाठी परत येऊ?

जव मात्र झकास आला. पूस महिना लागला तेव्हा बांधी हिरवीगार, गुडघ्यापर्यंत. गावातले लोक पाळीवरून जाता येता थांबून पाहायचे. ढीवराच्या घरात धानाशिवाय असलं काही कोणी पाहिलं नव्हतं.

संक्रांतीला रंजीता चार दिवस माहेरी गेली. जाताना बजावून गेली, "मामाजी, पानी देऊ नोका. मी आल्यावर पाहू."

"नाई देत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बांधीवर गेला. कडेची माती तडकली होती, दोन-चार पानांची टोकं वाळली होती. धानकऱ्याच्या डोळ्याला तडकलेली बांधी म्हणजे तहानलेलं लेकरू, त्याला ती बघवत नाही. त्याचे पाय आपसूक तुडुमाकडे वळले, हातानं खुंटी उपसली, आणि संध्याकाळपर्यंत जव घोटाभर पाण्यात उभा होता. त्याला वाईट वाटलं नाही. उलट बरं काम केलं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा गेला आणि पाणी चमकताना पाहून त्याला प्रणितचं बोलणं आठवलं. अगदी शब्दाशब्दानं आठवलं. खुंटी दहा पावलांवर होती. पार, म्हणजे बांधीच्या कडेचा बांध, फोडायला कुदळ खांद्यावरच होती. इस्तारी तिथंच उकिडवा बसला, तंबाखू मळली, खाल्ली आणि घरी आला. त्या दिवशी पुन्हा नाही, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही तो तिकडे फिरकला नाही.

रंजीता आली ती पिशवी घरात न ठेवता थेट बांधीवर गेली. जव खालून वरपर्यंत पिवळा पडला होता. तिनं कुदळ घेऊन पार फोडली, पाणी ओढ्याला लावलं, मग एक ताट उपटलं. मूळ काळं पडलं होतं, त्याला गाळाचा वास येत होता.

"धानाचा हात हाये बाई," मागून आलेला इस्तारी म्हणाला. "राह्यलं नाई मले."

"होते असं," ती म्हणाली. तिनं रागावायला पाहिजे होतं, ती रागावली नाही. हात धुऊन बांधावर बसली. "जाऊ द्या. भैयाजीले सांगून टाकते, नाई म्हनून."

"काऊन?"

"वर्षभराचे जव घरात भरीन आन मंगच हो म्हनीन, असं ठरवलं होतं मी. दुकानातून आनून तुमी काही पेनार नाई, मले ठावूक हाये. घरचे असले, डोळ्यासमोर डब्बा असला, तं पेसान. जांब लावला असता तं त्याले बकऱ्यांपासून कोनं राखलं असतं मी गेल्यावर? म्हनून जव धरला. आता पुढच्या वर्षी पाहू. तो मानूस काही वर्षभर थांबत नाई."

म्हणजे इस्तारी जिंकला होता. सून राहणार होती. जे मागितलं ते पदरात पडलं होतं, आणि त्याला त्या बांधावर उभं राहवेना. देवा, हे काय करून बसलो मी, असं त्याला झालं.

"मी विसरलो नव्हतो," तो म्हणाला. "खुंटी उपसली ते सवयीनं उपसली. पन सकाळी याद आलं मले. पानी काढता आलं असतं. नाई काढलं."

रंजीतानं त्याच्याकडे पाहिलं.

"जव पिकला तं तू जाशील म्हनून नाई काढलं," तो म्हणाला.

ती उठली आणि घरी गेली. दोन दिवस तिनं भात वाढला, सकाळचं पाणीही उकळून समोर ठेवलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी इस्तारीनं ग्लास उचलला, एका दमात रिकामा केला आणि विचारलं, "खरं सांग. तुले जायचं हाये का?"

"हाये," ती म्हणाली. "तुमाले सोडून नाई जायचं. पन जायचं हाये."

"मंग चाल."

दोघं भैयाजींच्या अंगणात गेली. रंजीता दाराशीच थांबली. इस्तारीनं सरळ सांगितलं, "माझी सून मोकळी हाये. पाहुण्यांले निरोप द्या." भैयाजींनी मान हलवली, दिवस ठरवला, आणि मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "इस्तारी, रीत तुले मालूम हाये. पाटाच्या दिवशी जुन्या सासऱ्यानं तिचं तोंड पाहायचं नसते. तू उजाडायच्या आत जाळं घेऊन तलावावर निघून जाजो. सगळं आटोपलं का निरोप धाडतो."

"मी नाई जात."

"अशुभ असते गा."

"तिले बाप नाई," इस्तारी म्हणाला. "पोरीकडून कोनीतरी बसाव लागते ना? मी बसतो."

"असं कधी झालं नाई आपल्यात."

"नसन झालं."

भैयाजी चिडून काही बोलणार होते, पण त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. रंजीता आत येत होती. सासऱ्यासमोर कपाळापर्यंत ओढलेला पदर तिनं खांद्यावर घेतला, लेकी घेतात तसा, आणि ती इस्तारीच्या शेजारी येऊन बसली.