सातचा पाढा, फुकटात

धरणगावजवळच्या शाळेत चारुलताबाईंनी तिसरीला पाढे शिकवले ते मोबाइलवरच्या फुकट अ‍ॅपवरून, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! तपासणीला साहेब आले, तेव्हा बाईंनी मोठ्या तोऱ्यात सातचा पाढा म्हणायला लावला.

"सात पंचे पस्तीस" झालं आणि सगळा वर्ग गप्प.

"पुढे काय?" साहेबांनी विचारलं.

"थांबा ना साहेब," पहिल्या बाकावरची रूपा म्हणाली, "जाहिरात चालू शे."

पाच सेकंदांनी पोरांनी हवेत बोट टेकवलं, "वगळा!" म्हटलं आणि ती थेट बेचाळीसवर गेली.

साहेब घसा खाकरून शिक्षणाच्या महत्त्वावर बोलू लागले. पाच सेकंद झाले. तीस बोटं वर आली. एकतिसावं बाईंचं होतं.