उन्हात उघडे राहिलेले आवरण

मी एक जुने, तडकलेले आवरण आहे, मित्रांनो. सौर बंबातले गरम पाणी खाली नेणाऱ्या नळीवर काळे, मऊ फोम चढवतात ना, तेच मी. माझा उरलेला तुकडा आता आफ्रिकेतल्या लेसोथो देशाच्या डोंगरातल्या एका प्रसूतिगृहामागे, राखेच्या खड्ड्याजवळ पडला आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी तुकतुकीत होते. माझ्या अंगात हवेचे बारीक बुडबुडे कोंडलेले होते आणि तीच माझी ताकद होती. बाहेरचा गारठा बाहेर ठेवायचा आणि आतली ऊब आत, एवढेच माझे काम. राजधानी मासेरूहून आलेल्या मिस्त्रीने मला या प्रसूतिगृहाच्या छपरावरच्या तांब्याच्या नळीवर चढवले, सांधे चिकटवले आणि पांढऱ्या रंगाचा एक डबा खाली ठेवला. "याला असं उघडं ठेवू नका," तो म्हणाला. "रंग द्या, नाहीतर पत्रा गुंडाळा. डोंगरावरचं ऊन याला खाऊन टाकतं."

हे ऐकणारी दोन माणसे होती. एक सुईण, मे मासेबो. मे म्हणजे आई. इकडे मोठ्या बाईला असेच म्हणतात. दुसरा न्ताते सेखोबे, म्हणजे सेखोबेबाबा. झाडलोट, शेगडी, कुंपण, सारे तोच पाही. दोघांनीही माना डोलावल्या.

पण त्याच आठवड्यात निरोप आला की जिल्ह्याची माणसे पाहणीला येणार. प्रसूतिगृहाची पुढची भिंत पार काळवंडली होती.

"न्ताते, छपरावर कोण चढून बघतंय?" मे मासेबो म्हणाली. "आधी या डब्यातून भिंत रंगवा. पोटुशी बाई एवढा डोंगर चढून येते, तिला दार तरी उजळ दिसू दे."

"आणि वरचं ते?"

"ते नंतर बघू."

"काळं आहे ते बरंच की," सेखोबे हसत म्हणाला. "ऊन धरून ठेवील."

भिंत सुरेख रंगली. पाहुण्यांनी कौतुक केले, फोटो काढले. डब्यातला रंग संपला, आणि ते 'नंतर' कधी आलेच नाही.

पहिला हिवाळा मी निभावला. बाहेर गवतावर हिम पडलेले असे आणि बाळंतिणी गरम पाण्याने अंग शेकत. त्या बंबाला दुवा देत, त्याच्या ऊन झेलणाऱ्या काचेला देत. माझे नाव कोणी घेतले नाही, पण नळीची ऊब मला लागत होती आणि तेवढे मला पुरे होते.

मग उन्हाळा आला, आणि त्यामागून दुसरा. माझा काळा रंग राखाडी झाला. बोट लावले की भुकटी निघे. अंगाला भेगा पडल्या. कावळ्यांनी घरट्यासाठी माझे लचके तोडले, भेगांतून पावसाचे पाणी आत मुरले. नळीच्या वळणावर तर वीतभर तांबे उघडे पडले. पाणी कोमट येऊ लागले, तशा बायका कुरकुरल्या. सेखोबे वर चढला. त्याने काच लख्ख पुसली, टाकीला हात लावून पाहिला आणि माझ्या अंगावरून पाय टाकून खाली उतरला.

त्या जूनमध्ये, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यात, मोठे हिम पडले. उघड्या वळणावर पाणी गोठले आणि नळी उभी चिरली. मला ती चिरताना जाणवली. काही करता आले नाही. सकाळी छपरावर ऊन आले, बर्फ सुटला आणि टाकीतले पाणी चिरेतून वाहू लागले. ते ओघळले मागच्या पायरीवर. तिथे हिवाळाभर ऊन पोचत नाही. पायरीवर पाण्याचा काचेसारखा पातळ थर गोठला.

आत लिम्पो नावाची पोरगी कळा देत होती. तिचे पहिलेच बाळंतपण. जवळ सासू होती. नळाला पाणी नाही म्हणून मे मासेबो स्वयंपाकघरातून किटली आणायला मागच्या दाराने निघाली. तिचा पाय सटकला. उजवे मनगट मोडल्याचा आवाज मला छपरावर ऐकू आला.

घाट बर्फाने बंद होता, गाडी येणे शक्य नव्हते. मोडका हात शालीने छातीशी बांधून मे मासेबो परत आत गेली. ती सांगत होती, सासू करत होती. मूल बाहेर आले ते निपचित. त्याच्या तोंडावर मुखवटा दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने फुगा दाबून हवा भरायची, असे ते काम. सासूला ते एकटीला जमेना, मुखवटा पुन्हापुन्हा सरकत होता. शेवटी मे मासेबोने सेखोबेला हाक मारली. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचे नसते. तो दारात अडखळला.

"या आत," ती म्हणाली. "लाज नंतर."

तिने डाव्या हाताने मुखवटा धरला आणि तो फुगा दाबत राहिला. नळी जिथून छतात शिरते, त्या भोकातून मला सगळे ऐकू येत होते.

"बाळ रडत का नाही?" लिम्पोने विचारले.

फुग्याचा आवाज बराच वेळ चालला. मग मे मासेबो हळूच म्हणाली, "न्ताते, थांबा आता."

मुलगी होती. तिने एकदाही श्वास घेतला नाही.

संध्याकाळी सेखोबे भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, रंग मीच लावला या भिंतीला. मे मासेबो म्हणाली, सांगितलं मी होतं.

तिचा हात नीट जुळला नाही. बर्फ वितळल्यावर ती मासेरूला गेली आणि पुन्हा तिने बाळंतपण केले नाही. सेखोबेने मला कापून काढले, नळी जोडली, नवे फोम चढवले आणि त्यावर टोकापासून टोकापर्यंत पत्रा गुंडाळला. आता दर महिन्याला तो वर चढतो, पत्र्याचे सांधे बोटांनी चाचपतो.

पुढे लिम्पोला पुन्हा दिवस गेले. खड्ड्याजवळून मला वाट दिसते. घोंगडी पांघरून, घोड्यावर बसून ती आली. सेखोबे फाटकाशी उभा राहिला, त्याने टोपी काढली. ती थांबली नाही. खिंडीपलीकडच्या दवाखान्याकडे गेली. तो दिवसभराच्या वाटेवर आहे.

मित्रांनो, तुमच्याही छपरावर माझे कोणी भाऊबंद असतील. ते हाक मारणार नाहीत, त्यांना तोंड नाही. उन्हाळा सरायच्या आत एकदा वर चढा आणि त्यांच्या अंगावरून हात फिरवा. हाताला काळी भुकटी लागली, तर त्याच दिवशी त्यांना झाका.