सूर्यमाळच्या विहिरीतला स्फटिक

मित्रांनो, मी एक ओबडधोबड स्फटिक आहे. मला कोणी पैलू पाडलेले नाहीत की घासलेलं नाही. मुठीएवढा आहे, एका अंगाला काळा दगड अजून चिकटलेला. पण उन्हात मला जरा फिरवा. पोटातल्या पातळ पापुद्र्यांतून हिरवा, गुलाबी, निळा रंग सरकत जातो. त्याच रंगाने माझ्या जिवाला घोर लावला.

फार पूर्वी तापलेला लाव्हा थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या. त्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि थराथराने मी घडलो. ते पाणी केव्हाच आटलं. मी अंधारात पडून राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात सूर्यमाळच्या एका पाड्यावर विहीर खणताना जिवा नावाच्या तरुणाची पहार माझ्या पोकळीत घुसली. त्याने मला वर आणलं. म्हाताऱ्या गोदाआजीने मला उन्हात धरलं आणि ती हरखली. "जुनी मानसं सांगायची, असा रंगीत दगड निघाला म्हंजे खाली पानी. खना रं, थांबू नका!"

जिवा मजुरीसाठी ठाण्याला निघणार होता. तो थांबला. त्याची बायको जयवंती रोज दरीतून दोन हंडे भरून आणायची आणि आल्या आल्या आधी माझ्याकडे बघायची. मला ओरडून सांगावंसं वाटे, बाई, मला झऱ्याचं काही ठाऊक नाही! पण दगडाला वाचा कुठली? बारा दिवस पहारींचे घाव ऐकत मी तळमळत होतो. खाली कोरडा कातळच लागला.

तेराव्या दिवशी जिवाने पहार टाकली. "आजी, तुजा दगड खोटा."

गोदाआजी सगळ्यांसमोर उभी राहिली. "दगड काय बोलला व्हता? बोलले मी. चूक माजी."

मग तिने स्वतः कुदळ उचलली आणि खालच्या ओहोळाकडे निघाली. तिथली माती वैशाखातही ओलसर असे. तिने दोन घाव घातले. जिवाने पुढे होऊन तिच्या हातून कुदळ काढून घेतली. "बस तू. खनतो मी."

तिथे आठ हातांवर पाणी लागलं. गढूळ, पण पाणी. जिवाला पुढे ठाण्याला जावंच लागलं. जयवंतीची दरीची वाट मात्र सुटली.

पुढे पाड्यावरून मला मोखाड्याच्या शाळेत नेलं. आता मी तिथल्या शिक्षिका शलाकाबाईंच्या टेबलावर असतो. परीक्षेच्या दिवसांत मुलं हळूच मला हात लावून जातात आणि मी पुन्हा अस्वस्थ होतो. मित्रांनो, मला बघा, उन्हात फिरवा, जपून ठेवा. माझे पापुद्रे नाजूक आहेत. पण माझ्याकडे काही मागू नका. कोणी माझ्या भरवशावर बसलं, की मला फार भीती वाटते.